हुकूम आणि हद्द : हजरत खालिद बिन वलीद (रजि.)



आपण कारखान्यात काम करीत असाल, कचेरीत असाल, पोलिसात किंवा सैन्यात असाल, अथवा एखाद्याच्या दुकानात गल्ल्यावर बसत असाल. आपल्या वर कोणीतरी आहे आणि त्याचा शब्द आपणास पाळावा लागतो. जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या ओट्यावर तरुण मंडळी मला जे प्रश्न विचारतात, त्यांत नमाज-रोजाच्या मसल्यांखालोखाल हेच प्रश्न असतात. एकजण विचारतो की, माझ्याहून कामात कच्चा माणूस माझ्यावर साहेब म्हणून आणून बसवला आहे, त्याचे मी का ऐकावे? दुसरा विचारतो की, मुदत संपलेल्या मालाच्या खोक्यांवर नवी तारीख टाकण्यास मालक सांगतात. ज्यांचे मीठ खातो त्यांना नाही कसे म्हणावे?

एकास ऐकावयाचे नाही आणि दुसऱ्यास नाही म्हणण्याचे धैर्य होत नाही. या दोघांनाही मी एकाच सहाबींचे चरित्र वाचावयास सांगतो. ते सहाबी म्हणजे हजरत खालिद बिन वलीद (रजि.). त्यांचे नाव घेताच आपल्या डोळ्यांसमोर तलवार आणि घोडा उभा राहतो, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु या चरित्रात विजयांइतकीच मोलाची दुसरी एक गोष्ट आहे. हुकूम मोडल्याने काय घडते, चुकीचा हुकूम दिल्याने काय घडते, तो नाकारणाऱ्याने काय करावे आणि स्वतःचे पद गेल्यावर माणसाने कसे वागावे, हे सारे या एका आयुष्यात घडले आहे. आज आपण त्यांच्या लढायांची मोजदाद करणार नाही; या चार गोष्टींच्या वाटेने त्यांच्या आयुष्यातून जाऊ.

उहुदची टेकडी

खालिद हे मक्केच्या कुरैश जमातीतील बनू मखजूम या घराण्यात जन्मले. त्यांचे वडील वलीद बिन मुगीरा मक्केतील मोठ्या धनवान सरदारांपैकी होते. युद्धप्रसंगी घोडदळाची जबाबदारी या घराण्याकडे असे, त्यामुळे घोड्यावरची मांड आणि शस्त्राची हाताळणी खालिद यांना बालपणापासूनच अवगत झाली. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या संदेशाचा त्यांनी दीर्घकाळ विरोध केला. हिजरी सन 3 मध्ये, म्हणजे इ.स. 625 मध्ये, उहुदच्या युद्धात ते कुरैशच्या बाजूने घोडदळ घेऊन उभे होते.

त्या दिवशी प्रेषितांनी (स.) आपल्या पाठीमागच्या टेकडीवर हजरत अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) यांच्या हाताखाली 50 तिरंदाज नेमले होते. जय होवो वा पराजय, दुसरा निरोप येईपर्यंत जागा सोडावयाची नाही, अशी स्पष्ट आज्ञा होती. आरंभी कुरैशचे पाय उखडले. मैदानात त्यांचे सामान विखुरलेले दिसू लागले. टेकडीवरील बहुतेकांना वाटले की युद्ध संपले, आता आज्ञाही संपली. त्यांच्या अमीराने त्यांना प्रेषितांच्या शब्दाची आठवण करून दिली. तरीही बहुतेकजण खाली उतरले. अब्दुल्लाह बिन जुबैर (रजि.) आणि त्यांचे थोडे साथीदार मात्र जागेवरून हलले नाहीत आणि तेथेच शहीद झाले.

दूर उभ्या असलेल्या खालिद यांनी ती रिकामी होत असलेली टेकडी हेरली. घोडदळ वळवून त्यांनी मागून हल्ला चढवला आणि जिंकत आलेले युद्ध फिरले. त्या दिवशी सुमारे 70 सहाबा शहीद झाले. स्वतः प्रेषितांच्या (स.) मुखावर जखम झाली आणि त्यांचा दात तुटला.

वाचकहो, येथे एक क्षण थांबा. त्या तिरंदाजांना दिलेला हुकूम न्याय्य होता, स्पष्ट होता आणि कोणाच्याही हक्कावर घाला घालणारा नव्हता. तो मोडण्याचे कारण इतकेच की, समोर लाभ दिसत होता आणि काम संपले असे त्यांना स्वतःच वाटले. रात्रपाळीचा पहारेकरी पहाटेपूर्वी घरी जातो, बॉयलरवरचा कामगार काटा न पाहताच वहीत आकडा भरतो, तेव्हा त्यांच्याही मनात हेच असते की, आता काय व्हायचे आहे? नेमून दिलेल्या जागी उभे राहणे ही अमानत आहे. तिचे मोल ती रिकामी झाल्यावर कळते आणि ते बहुधा दुसऱ्यांना चुकवावे लागते.

मागच्या रांगेतून पुढे

काळ पुढे गेला. खालिद यांचे बंधू वलीद (रजि.) आधीच मुसलमान झाले होते. हिजरी 7 मध्ये प्रेषित (स.) उमऱ्यासाठी मक्केस आले, तेव्हा खालिद शहर सोडून बाहेर निघून गेले होते. प्रेषितांनी (स.) त्यांच्याविषयी विचारपूस केली आणि अशा समंजस माणसाने इस्लामपासून दूर राहावे याविषयी आश्चर्य व्यक्त केले. बंधूंनी हे पत्राने कळवले. दगडाला पाझर फुटावा तसे खालिद यांचे मन वळले. हिजरी 8 च्या आरंभी हजरत अम्र बिन आस (रजि.) आणि हजरत उस्मान बिन तल्हा (रजि.) यांच्यासह ते मदीनेस पोहोचले आणि त्यांनी इस्लामचा स्वीकार केला. पूर्वीच्या विरोधाची त्यांना लाज वाटत होती. इस्लाम मागचे सारे धुऊन टाकतो, असा दिलासा त्यांना मिळाला.

त्यानंतर काही महिन्यांतच मूतेची मोहीम निघाली. सैन्य 3,000. कालचा नामवंत सेनापती आज साध्या सैनिकाच्या रांगेत उभा होता. प्रेषितांनी (स.) क्रमाने तीन सेनापती नेमले होते : हजरत जैद बिन हारिसा (रजि.), त्यांच्यानंतर हजरत जाफर बिन अबू तालिब (रजि.) आणि त्यांच्यानंतर हजरत अब्दुल्लाह बिन रवाहा (रजि.). यांपैकी जैद (रजि.) हे एकेकाळचे गुलाम. मखजूम घराण्याचा सरदारपुत्र त्यांच्या हाताखाली गेला आणि त्याने कुरकुर केली नाही.

तिघेही एकामागून एक शहीद झाले. तेव्हा हजरत साबित बिन अकरम (रजि.) यांनी ध्वज उचलला आणि तो खालिद (रजि.) यांच्यापुढे धरला. इतिहासकार सांगतात की, साबित (रजि.) हे बद्रच्या युद्धातील असल्याने आपल्यापेक्षा त्यांचा अधिकार मोठा, असे म्हणून खालिद (रजि.) यांनी आधी नकार दिला, लोकांनी एकमताने आग्रह केला तेव्हाच ध्वज हाती घेतला. त्या दिवशी त्यांच्या हातात नऊ तलवारी मोडल्या. संख्येने कितीतरी मोठ्या रोमन फौजेपुढून त्यांनी सैन्य शिताफीने मागे काढले. मदीनेत काहींनी परतलेल्यांना पळपुटे म्हणून हिणवले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांची बाजू घेतली. याच मोहिमेवरून खालिद (रजि.) यांना सैफुल्लाह, म्हणजे अल्लाहची तलवार, हे नाव लाभले.

आगीचा हुकूम

आज्ञापालनाला सीमा असते काय? याचे उत्तर प्रेषितांच्या (स.) हयातीतच मिळाले आहे. बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत एक प्रसंग येतो. एका तुकडीवर अमीर नेमला गेला आणि त्याचे ऐकण्याची आज्ञा सैनिकांना झाली. वाटेत अमीर काही कारणाने रागावला. त्याने लाकडे गोळा करावयास लावली, आग पेटवली आणि सैनिकांना तीत उडी घेण्यास फर्मावले. काही सैनिक सिद्धही झाले. इतरांनी त्यांना अडवले. त्यांचे म्हणणे असे की, ज्या आगीपासून वाचण्यासाठी आपण प्रेषितांकडे आलो, तीतच कसे शिरावे? तोवर आग विझली आणि अमीराचा रागही निवळला. परतल्यावर हे प्रेषितांच्या (स.) कानावर गेले. त्यांनी स्पष्ट केले की, हे लोक त्या आगीत शिरले असते तर पुन्हा कधी बाहेर आले नसते. आज्ञापालन हे केवळ मारूफात, म्हणजे भल्या आणि उचित गोष्टीतच असते.

सूरह निसाच्या 59 व्या आयतीत अल्लाहच्या, त्याच्या प्रेषिताच्या आणि आपल्यातील अधिकारी मंडळींच्या आज्ञापालनाचा उल्लेख आहे. मदरशात ही आयत शिकविताना उस्ताद एक बारकावा दाखवीत असत. आज्ञा पाळा हे क्रियापद अल्लाहसाठी स्वतंत्र आले आहे, प्रेषितांसाठी पुन्हा स्वतंत्र आले आहे. अधिकाऱ्यांसाठी मात्र ते पुन्हा आलेले नाही. अधिकाऱ्याचा हक्क स्वयंभू नाही. पहिल्या दोन आज्ञांच्या छायेत तो उभा आहे. ती छाया सोडून तो बाहेर गेला की तेवढ्यापुरता त्याचा हुकूम हुकूम राहत नाही.

सेनापती चुकतो तेव्हा

आता या चरित्रातील सर्वांत कठीण पान उघडावे लागेल. आपल्यापैकी अनेकजण हे पान घाईने उलटतात. परंतु आपल्या विद्वानांनी ते लपविले नाही आणि बुखारीसारख्या ग्रंथात ते जसेच्या तसे ठेवले. म्हणून आपणही ते अदबीने, पण डोळे उघडे ठेवून वाचू.

रमजान हिजरी 8 मध्ये, म्हणजे इ.स. 630 च्या जानेवारीत, मक्का जिंकली गेली. त्यानंतर प्रेषितांनी (स.) खालिद (रजि.) यांना बनू जझीमा या जमातीकडे इस्लामचे निमंत्रण देण्यासाठी पाठवले, युद्धासाठी नव्हे. त्या लोकांना आम्ही मुसलमान झालो हे नीट शब्दांत सांगता आले नाही. आम्ही जुना धर्म सोडला, अशा अर्थाचा शब्द ते उच्चारू लागले. मक्केचे लोक हाच शब्द मुसलमानांना हिणविण्यासाठी वापरीत असत. खालिद (रजि.) यांनी तो स्वीकार मानला नाही. काहींना ठार करण्यात आले, काहींना बंदी करून सैनिकांच्या हाती सोपवण्यात आले. मग हुकूम झाला की, प्रत्येकाने आपापल्या बंद्यास ठार करावे.

त्या सैन्यात हजरत अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) होते. उहुदच्या वेळी ते चौदा वर्षांचे होते. म्हणजे या प्रसंगी वय विशीच्या आतबाहेर. समोर अल्लाहची तलवार म्हणून ख्याती पावलेला सेनापती. या तरुणाने शपथ घेऊन सांगितले की, मी माझ्या बंद्यास मारणार नाही आणि माझ्या साथीदारांपैकीही कोणी आपल्या बंद्यास मारणार नाही. हजरत सालिम (रजि.) यांनीही या कृत्यास विरोध केल्याचे इब्ने हिशाम यांच्या ग्रंथात येते. सालिम (रजि.) हे मुक्त झालेले गुलाम होते आणि कुरआनच्या जाणकारांत त्यांची गणना होत असे.

हे वृत्त प्रेषितांपर्यंत (स.) पोहोचले तेव्हा त्यांनी दोन्ही हात उंचावून, खालिदने जे केले त्याच्याशी माझा संबंध नाही, असे अल्लाहसमोर दोन वेळा निवेदन केले. मग हजरत अली (रजि.) यांच्याबरोबर द्रव्य पाठवले. अली (रजि.) यांनी प्रत्येक मृताची दियत, म्हणजे रक्ताची भरपाई, चुकती केली. मालमत्तेची भरपाई इतक्या बारकाईने केली की, कुत्र्याच्या पाणी पिण्याच्या भांड्याचीही किंमत दिली. तरीही काही रक्कम उरली. नकळत राहून गेलेल्या नुकसानीपोटी तीही त्यांनी त्याच लोकांना देऊन टाकली आणि प्रेषितांनी (स.) ते योग्य ठरवले.

या प्रसंगातून निघणारे धडे एकेक करून पाहा. पहिला असा की, हुकूम सेनापतीचा होता म्हणून हात सैनिकाचा असला तरी दोष नाही, ही समजूत येथेच नाकारली गेली. दुसऱ्या महायुद्धानंतर न्यूरेंबर्ग येथील न्यायासनाने, वरिष्ठांचा आदेश होता एवढ्यावरून गुन्हेगाराची सुटका होत नाही, हे तत्त्व मानले. आपल्या देशाच्या 1950 च्या सेना अधिनियमातही वरिष्ठाची कायदेशीर आज्ञा मोडणे हा गुन्हा ठरविला आहे. कायदेशीर हा शब्द तेथे जाणीवपूर्वक आहे. जे जगाने कायद्यात लिहिले, ते त्या वीस वर्षांच्या तरुणाने वाळवंटात आचरून दाखविले होते.

दुसरा धडा नकाराच्या रीतीचा. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी सेनापतीवर शस्त्र उगारले नाही, सैन्यात दुफळी माजवली नाही, तळ सोडून ते निघून गेले नाहीत. त्यांनी केवळ ते एक कृत्य नाकारले, उघडपणे नाकारले आणि प्रकरण ज्यांच्याकडे न्यावयास हवे त्यांच्याकडे नेले.

तिसरा धडा वरच्या माणसासाठी. प्रेषितांनी (स.) आपल्या आवडत्या सेनापतीची चूक झाकली नाही, तिला उघडपणे चूक म्हटले आणि भरपाई केली. त्याचबरोबर ती चूक समजुतीतली होती, बेइमानीची नव्हती, हे ओळखून खालिद (रजि.) यांना सेवेतून काढूनही टाकले नाही. पुढेही त्यांच्यावर मोहिमा सोपवल्या गेल्या. पीडिताला न्याय आणि चुकलेल्याला सुधारण्याची वाट, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी साधल्या गेल्या.

प्रेषितांच्या (स.) नंतर हजरत अबू बक्र (रजि.) यांच्या काळात मालिक बिन नुवैरा याच्या वधावरून असाच वाद उठला. हजरत अबू कतादा (रजि.) यांनी आक्षेप घेतला आणि मदीनेपर्यंत तक्रार नेली. हजरत उमर (रजि.) यांचे मत खालिद (रजि.) यांना पदावरून दूर करावे असे होते. खलीफांनी खालिद (रजि.) यांना बोलावून जाब विचारला, समज दिली, ती निर्णयातील चूक मानून त्यांना पदावर ठेवले आणि मृताची दियत दिली. त्या काळच्या समाजात विजयी सेनापतीलाही जाब विचारला जात होता, एवढे आपण येथून घेऊन पुढे जाऊ.

पद जाते तेव्हा

पुढे यमामाचे युद्ध झाले आणि मग इराकच्या मोहिमा. तेथून खलीफांचा हुकूम आला की, सीरियातील सैन्याला मदतीची गरज आहे, तिकडे जा. खालिद (रजि.) यांनी इराकची जबाबदारी हजरत मुसन्ना बिन हारिसा (रजि.) यांच्याकडे सोपवली आणि निर्जल वाळवंट तुडवीत ते सीरियात उतरले. हिजरी 13 मध्ये, इ.स. 634 च्या ऑगस्टमध्ये अबू बक्र (रजि.) यांचे निधन झाले आणि उमर (रजि.) खलीफा झाले. नव्या खलीफांच्या पहिल्या निर्णयांपैकी एक असा की, सीरियातील सरसेनापतीपद खालिद (रजि.) यांच्याकडून काढून हजरत अबू उबैदा बिन जर्राह (रजि.) यांना द्यावे.

कल्पना करा. मोहीम ऐन रंगात आहे. सैन्य आपल्या शब्दावर प्राण द्यावयास तयार आहे. मदीना कित्येक दिवसांच्या वाटेवर आहे. अशा वेळी पत्र येते की, आता आपण सेनापती नाही. इतिहासात किती सेनापतींनी अशा पत्राचे उत्तर तलवारीने दिले आहे! खालिद (रजि.) यांनी लोकांसमोर नव्या सेनापतींची थोरवी सांगितली, या उम्मतचा अमीन, म्हणजे विश्वासू, ही प्रेषितांनी (स.) त्यांना दिलेली पदवी सर्वांच्या लक्षात आणून दिली. अबू उबैदा (रजि.) यांनीही खालिद अल्लाहच्या तलवारींपैकी एक आहेत, हे प्रेषितांचे (स.) मत लोकांना ऐकवले. एकाने पद सोडताना कटुता ठेवली नाही आणि दुसऱ्याने पद घेताना गर्व केला नाही.

त्यानंतर खालिद (रजि.) घरी जाऊन बसले नाहीत. हिजरी 15 मध्ये, इ.स. 636 मध्ये, यर्मूकच्या निर्णायक युद्धात सरसेनापती अबू उबैदा (रजि.) होते आणि घोडदळ खालिद (रजि.) यांच्या हाती होते. तलवारीची धार पूर्वीइतकीच होती. अबू उबैदा (रजि.) यांनीही त्यांचा सल्ला घेण्यात कमीपणा मानला नाही.

बिलाल (रजि.) यांच्या हातातील पागोटे

खरी कसोटी अजून पुढे होती. हिजरी 17 मध्ये, म्हणजे इ.स. 638 मध्ये, किन्नसरीन येथे असताना खालिद (रजि.) यांनी अशअस बिन कैस यांना 10,000 दिरहम बक्षीस दिल्याचे खलीफांना समजले. उमर (रजि.) यांनी चौकशीचा हुकूम काढला. ही रक्कम सार्वजनिक धनातून दिली असेल तर ती खियानत आहे. स्वतःच्या खिशातून दिली असेल तर उधळपट्टी आहे. दोन्ही स्थितींत त्यांना पदावरून दूर करावे, आणि उत्तर मिळेपर्यंत त्यांच्याच पागोट्याने त्यांना बांधावे.

तबरी यांच्या इतिहासात हा प्रसंग येतो. लोक जमले. प्रश्न विचारला गेला. खालिद (रजि.) गप्प राहिले. तेव्हा हजरत बिलाल (रजि.) उठले आणि खलीफांच्या हुकमानुसार त्यांनी खालिद (रजि.) यांचे पागोटे काढून त्यानेच त्यांना बांधले. वाचकहो, हे बिलाल (रजि.) कोण? मक्केच्या तापलेल्या वाळूवर छातीवर दगड ठेवून ज्यांना छळले गेले ते हबशी गुलाम. आणि बांधले जाणारे कोण? त्याच मक्केच्या सरदाराचे पुत्र, अनेक मोहिमांचे विजेते. भोवती त्यांचेच सैन्य उभे होते. त्यांनी हात मागे घेतला नाही. मी माझ्या स्वतःच्या धनातून दिले, असे उत्तर दिले. ते ऐकताच बिलाल (रजि.) यांनी त्यांना मोकळे केले आणि स्वतःच्या हाताने ते पागोटे पुन्हा त्यांच्या मस्तकावर सन्मानाने बांधले. हुकूम पाळला गेला आणि माणसाची अब्रूही राखली गेली.

खालिद (रजि.) यांना दुःख झाले नाही असे समजू नका. ते मदीनेस गेले आणि आपणावर अन्याय झाल्याची तक्रार त्यांनी उमर (रजि.) यांच्या तोंडावर केली. त्यांच्या मालमत्तेचा हिशेब झाला आणि 20,000 दिरहम सार्वजनिक खजिन्यात जमा करण्यात आले. तक्रार करणे निष्ठेच्या विरुद्ध नाही; पाठीमागे सैन्य फिरविणे निष्ठेच्या विरुद्ध आहे. आता फितन्याचा, म्हणजे बंडाळीचा काळ आला, असे कोणी त्यांना सुचवून पाहिले तेव्हा त्यांनी, उमर हयात असेतो तसे होणार नाही, असे सांगून तो विषयच संपविला.

उमर (रजि.) यांनीही नंतर प्रांतोप्रांती पत्र लिहून खुलासा केला की, खालिद यांना रागाने किंवा खियानतीमुळे दूर केलेले नाही. लोकांची श्रद्धा त्यांच्यावर इतकी बसू लागली होती की, विजय अल्लाह देतो हे विसरले जाईल अशी भीती वाटली. याला कुळाचे वैर म्हणावे तर उमर (रजि.) यांच्या मातोश्री याच मखजूम घराण्यातल्या होत्या.

अखेर

हिजरी 21 मध्ये, इ.स. 642 मध्ये, खालिद (रजि.) यांचे निधन झाले. बहुतेकांच्या मते ते हिम्स येथे झाले. अंगावर वीतभर जागा अशी नव्हती की जेथे तलवारीची, बाणाची वा भाल्याची खूण नसेल. आणि तरीही मृत्यू अंथरुणावर आला, याची खंत त्यांना होती. मागे उरले ते घोडा, हत्यारे आणि एक सेवक. हे ऐकून उमर (रजि.) यांनी त्यांच्यासाठी दयेची प्रार्थना केली आणि आपण समजत होतो त्याहून ते वेगळे होते, हे मान्य केले. मखजूम घराण्यातील स्त्रिया त्यांच्यासाठी रडू लागल्या, तेव्हा शोकाच्या बाबतीत कडक असलेल्या उमर (रजि.) यांनी त्यांना रडू दिले.

आपणापुढील प्रश्न

आता मशिदीच्या ओट्यावरील त्या दोन तरुणांकडे परत येऊ. या चरित्रातून मला जे उमगले ते असे आहे. जेथे केवळ माझा मान दुखावतो, तेथे हुकूम पाळावा. जेथे दुसऱ्याचा हक्क मारला जातो, तेथे हुकूम थांबवावा. पद गेले तेव्हा खालिद (रजि.) यांचा मान दुखावला होता, त्यांनी ऐकले. बनू जझीमाच्या तळावर दुसऱ्यांचे प्राण जाणार होते, अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांनी ऐकले नाही. दोघांच्याही वागण्याचे मूळ एकच : आपण साहेबाचे दास नाही आणि आपल्या अहंकाराचेही दास नाही, आपण अल्लाहचे दास आहोत.

आपण मात्र नेमके उलटे वागतो. खुर्ची बदलली, नावाआधी साहेब लावले नाही, बढती दुसऱ्याला मिळाली, की आपला स्वाभिमान जागा होतो. काम रेंगाळते, चुगल्या सुरू होतात. परंतु खोट्या बिलावर सही करावयास सांगितले, मापात मारावयास सांगितले, एखाद्या गरिबाची मजुरी कापावयास सांगितली, की आपण हुकमाचे ताबेदार होतो आणि पोटाचा प्रश्न आहे असे म्हणतो. खाल्ल्या मिठाला जागावे, हे खरे. परंतु मालकाच्या मिठाला जागणे म्हणजे त्याला पापातून मागे खेचणे. त्याच्या पापाला आपला हात देणे ही निष्ठा नव्हे.

म्हणून पहिल्या तरुणास माझे सांगणे असे की, बाळा, नवा साहेब कच्चा असेल तर त्याला काम शिकव. यर्मूकमध्ये घोडदळ कोणाच्या हाताखाली लढले, ते आठव. आणि दुसऱ्यास असे की, ती तारीख तुझ्या हाताने टाकू नकोस. मालकाला एकांतात, नम्रपणे, पण स्पष्ट सांग. बाकीचे सारे काम पूर्वीपेक्षा चोख कर, म्हणजे तुझा नकार आळसापोटी आहे असे कोणी म्हणू शकणार नाही. तरीही तो ऐकत नसेल तर ज्या अधिकाऱ्याकडे ही गोष्ट जावयास हवी त्याच्याकडे ने. यात नोकरी जाण्याचा धोका आहे. तो नाही, असे मी खोटे सांगणार नाही. तुझ्या घरी वृद्ध आई आहे, हप्ते आहेत, हे मला ठाऊक आहे. म्हणून जमातीच्या लोकांनाही माझे सांगणे आहे की, अशा मुलाला दुसरे काम मिळवून देणे हे आपले सामूहिक कर्तव्य आहे. त्याला केवळ शाबासकी देऊन घरी पाठवू नका. अब्दुल्लाह बिन उमर (रजि.) यांच्या नकारामागे त्यांचे साथीदार उभे होते.

आणि वाचकहो, आपणापैकी ज्यांच्या हाताखाली चार माणसे आहेत, मग तो मुकादम असो, मुख्याध्यापक असो वा मशिदीचा विश्वस्त, त्यांनी आज रात्री एक हिशेब करावा. आपल्या चुकीच्या शब्दामुळे कोणाचे नुकसान झाले आहे काय? झाले असेल तर ते भरून द्यावे, कुत्र्याच्या भांड्यापर्यंत भरून द्यावे. त्याने मान कमी होत नाही.

अल्लाह आपणास भल्या हुकमापुढे झुकण्याची नम्रता देवो, वाईट हुकमापुढे उभे राहण्याचे बळ देवो आणि या दोहोंतील फरक ओळखण्याची समज देवो. आमीन.